स्पीकर बदलल्यावर टोचणारा ट्रेबल कसा शांत करावा

तुमची अडचण थोडक्यात अशी. बरीच वर्षं वापरलेले मोठ्या पेटीचे, सिल्क डोम ट्वीटरचे (ट्वीटर म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा घुमट) स्पीकर काढून तुम्ही ॲल्युमिनियम डोमचे छोटे टू-वे (एक ट्वीटर आणि खालच्या स्वरांसाठी एक वूफर असलेले) स्पीकर स्टँडवर लावले. सोबत नवा डीएसी (डिजिटल फाइलचा ॲम्पला चालणारा वीजसंकेत करणारं यंत्र) आला, सीडी प्लेयर बाजूला गेला आणि जुन्या सीडी तुम्ही फाइलमध्ये उतरवून घेतल्या. ॲम्प तोच, ५० वॅटचा. खोलीत टाइलची फरशी आणि एका बाजूला मोठी काच आहे. आता पूर्वी कधी न ऐकलेले बारकावे ऐकू येतात, पण गाणाऱ्याचा ‘स’ आणि ‘श’ टोचतो, झांज चरचरते आणि अर्ध्या तासात कान शिणतात. ट्वीटर बदलावा, वायरी बदलाव्यात की ट्यूब ॲम्प (जुन्या पद्धतीच्या काचेच्या व्हॉल्व्हचा) घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

यातलं काहीही आत्ता करू नका. गेली अनेक वर्षं मी लोकांच्या घरी स्टिरिओ लावून, जुळवून देतो आहे, आणि नव्या स्पीकरनंतरच्या कर्कशपणाची तक्रार मी सगळ्यात जास्त वेळा ऐकली आहे. बहुतेक वेळा दोष नव्या पेटीत सापडत नाही. तो पेटी आणि खोली यांच्या मधे कुठेतरी असतो. ती जागा शोधल्याशिवाय खर्च करणं म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ट्रेबल टोचतो म्हटलं की लोक १० किलोहर्ट्झच्या वर बघतात. तिथे फक्त चमक आणि हवा असते. टोचणारा भाग बहुधा २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये असतो आणि ‘स’-‘श’चा फुत्कार साधारण ५ ते ८ मध्ये. आपली कर्णनलिका जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला पडद्याने बंद. अशी नळी ३ किलोहर्ट्झच्या आसपास घुमते, म्हणून त्या पट्ट्यात कान सर्वाधिक तीक्ष्ण असतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये समान-श्रवणाच्या (कोणता स्वर सारखाच मोठा वाटायला किती डेसिबल लागतात ते दाखवणाऱ्या) ज्या वक्ररेषा काढल्या त्यात ही गोष्ट स्पष्ट दिसते. त्यामुळे या पट्ट्यात २ डेसिबल जास्त झाले तरी डोकं उठतं, आणि १२ किलोहर्ट्झला तेवढेच जास्त झाले तर बहुतेकांना ते छान उघडं वाटतं.

ॲल्युमिनियमवरचा राग म्हणूनच बराचसा अनाठायी आहे. धातूच्या डोमला एक तीव्र अनुनाद असतो हे खरं, पण २५ मिलिमीटरच्या चांगल्या ॲल्युमिनियम डोममध्ये तो सहसा २० किलोहर्ट्झच्या पलीकडे असतो. तुम्हाला टोचणारा ‘स’ त्याच्या कितीतरी खाली आहे.

आता तपासणी. पहिलं काम दोन मिनिटांचं: दोन्ही स्पीकरच्या लाल-काळ्या जोडण्या बघा. बदलाबदलीत एकाच्या तारा उलट लागल्या तर दोन्ही स्पीकरचा बेस एकमेकांना खातो, आवाज पोकळ होतो आणि उरतो तो नुसता वरचा भाग. अनुभवी माणसांकडूनही ही चूक झालेली मी पाहिली आहे.

दुसरं, ज्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे ते. टोचणारं एक गाणं लावा, बॅलन्स एका बाजूला वळवून एकच स्पीकर चालू ठेवा आणि कान ट्वीटरच्या उंचीला आणून ८० सेंटिमीटरवर बसा. आवाज जवळून ऐकायला योग्य इतका कमी करा. मग हळूहळू मागे सरकत नेहमीच्या जागेपर्यंत या, आणि जाताना आवाज गरजेपुरता वाढवत जा. जवळ असताना कानात स्पीकरचा थेट आवाज जास्त असतो आणि भिंतींचा कमी. जवळ ‘स’ सुरेख आणि मागे गेल्यावर टोचरा, तर खोली दोषी. जवळही तितकाच टोचत असेल तर दोष स्पीकरमध्ये, त्याच्या आधीच्या साखळीत किंवा रेकॉर्डिंगमध्येच आहे.

तिसरं, हाच तुकडा हळू आवाजात आणि मोठ्या आवाजात ऐका. फक्त मोठ्या आवाजात टोचत असेल तर ॲम्पकडे बघावं लागेल, कारण छोट्या पेटीचे स्पीकर सहसा कमी संवेदनशील असतात. समजा जुने ९० डेसिबलचे होते आणि नवे ८६ चे. तेवढाच आवाज काढायला आता अडीचपट वॅट लागतात. एरवी ८ वॅटवर जो ठोका येत होता त्याला २० लागतात, आणि सरासरीच्या १० डेसिबल वर जाणारा क्षण दहापट मागतो. ५० वॅटचा ॲम्प तिथे कमी पडतो आणि लहरीची टोकं छाटतो. छाटलेल्या लहरीतून जे वरचे स्वर निर्माण होतात ते मूळ संगीतात नसतात, आणि त्यांचा मोठा वाटा नेमका कानाच्या तीक्ष्ण पट्ट्यात पडतो. लोक त्याला ट्वीटरचा कडकपणा समजतात. दोन्ही स्पीकरची माहितीपत्रकं शेजारी ठेवून संवेदनशीलता आणि किमान रोध (इम्पीडन्स) हे दोन आकडे वाचा. ४ ओहमच्या खाली जाणारा स्पीकर असेल तर जुन्या ॲम्पची आणखी दमछाक होते.

हळू आवाजातही टोचत असेल तर ॲम्पला सोडा आणि पुढे चला.

तुमच्या बाबतीत एका गोष्टीची मला दाट शंका आहे: ट्रेबल वाढलेलाच नाही, बेस कमी झालाय. मोठी पेटी गेली आणि तिच्यासोबत खालचा भराव गेला. आपला कान वरचा आणि खालचा भाग तराजूसारखा तोलतो. १०० ते ३०० हर्ट्झमधली ऊब ओसरली की वरचं सगळं नागडं वाटू लागतं. शिवाय २० सेंटिमीटर रुंद पेटी साधारण ६०० हर्ट्झच्या खाली आवाज चहूकडे पसरवते आणि त्याच्या वर पुढे फेकते, त्यामुळे भिंतीपासून दूर मोकळ्यावर ठेवलेल्या छोट्या स्पीकरचा खालचा भाग आणखी बारीक पडतो. काही बनवणारे याची भरपाई क्रॉसओव्हरमध्ये (वूफर आणि ट्वीटरला स्वर वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये) करतात, काही ती मागच्या भिंतीवर सोडून देतात. म्हणून स्टँड मागच्या भिंतीकडे सरकवा. पेटीची पाठ ६० सेंटिमीटरवर असेल तर ४०, मग ३०, मग २० करून प्रत्येक टप्प्यावर तेच गाणं ऐका. पुरुषाच्या आवाजात छाती भरली की थांबा. घुमायला लागला तर स्टँड भिंतीपासून पाच सेंटिमीटर पुन्हा पुढे घ्या. या एका हालचालीने ट्रेबलला हात न लावता त्याची धार गेलेली मी इतक्यांदा पाहिली आहे की टोन कंट्रोलच्या आधी मी नेहमी हे करतो.

मग कोन. ट्वीटर थेट कानावर रोखलेले असतील तर दोन्ही स्पीकर बाहेर वळवा, म्हणजे त्यांच्या सरळ रेषा तुमच्या डोक्याच्या अर्धा-एक मीटर मागे छेदतील किंवा अजिबात छेदणार नाहीत. २५ मिलिमीटरचा डोम वरच्या स्वरांना टॉर्चसारखा पुढे फेकतो, त्यामुळे २०-३० अंश बाजूला गेलं की १० किलोहर्ट्झच्या वरचा भाग काही डेसिबलने उतरतो. फक्त लक्षात ठेवा, बाहेर वळवलेला स्पीकर बाजूच्या भिंतीकडे जास्त बघतो, आणि ती भिंत काचेची असेल तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने जातं. अशा खोलीत कधी कधी उलटं करावं लागतं: इतकं आत वळवायचं की रेषा तुमच्या तोंडासमोर छेदतील. दोन्ही करून बघा. ऐकण्याची उंचीही तपासा. बसल्यावर कान ट्वीटरच्या पातळीला हवा. तो खूप वर किंवा खाली असेल तर ट्वीटर आणि वूफर ज्या स्वरांवर एकमेकांना हात देतात तिथे खड्डा पडतो आणि त्याच्या आजूबाजूचं उठून दिसतं.

इथे क्रॉसओव्हरची एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण टू-वे स्पीकर आणि कडक भिंती यांचं भांडण तिच्यातून येतं. १६ सेंटिमीटरच्या वूफरचा हलणारा कोन साधारण १३ सेंटिमीटरचा असतो. अडीच किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास १४ सेंटिमीटर. दोन्ही सारखे झाले की वूफर आवाज फक्त समोर फेकू लागतो, बाजूला कमी. तेवढ्यात क्रॉसओव्हर ट्वीटरकडे सूत्रं देतो, आणि एवढासा डोम त्याच स्वराला जवळजवळ अर्ध्या गोलात पसरवतो. परिणाम असा की समोर मोजलं तर रेषा सपाट, पण बाजूला जाणाऱ्या आवाजात ३-४ किलोहर्ट्झला उंचवटा. जाड गालिचे, सोफे, पुस्तकांनी भरलेल्या खोलीत तो उंचवटा जिरून जातो. काच आणि टाइलच्या खोलीत तो परावर्तित होऊन काही मिलिसेकंदांनी तुमच्याकडे येतो, आणि कान त्याला थेट आवाजात मिसळून टाकतो. म्हणून दुकानात मधाळ वाटलेला स्पीकर घरी बोचतो. ट्वीटरभोवती उथळ खोलगट वेव्हगाइड असलेले स्पीकर याच कारणासाठी बनतात.

उपाय भिंतीवर आहे. नेहमीच्या जागी बसा आणि दुसऱ्या कुणाला बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. आरशात जिथे ट्वीटर दिसेल तिथून पहिलं परावर्तन येतं. दोन्ही भिंतींवर, आणि जमल्यास छतावर, त्या जागा झाका. कशाने, हे फार महत्त्वाचं. पातळ पडदा किंवा दोन सेंटिमीटरचा फोम फक्त सगळ्यात वरचे स्वर खातो आणि १ किलोहर्ट्झच्या खालचं तसंच ठेवतो. खोली मंद आणि तरीही गोंगाटी होते, आणि टोचणं अर्धवट राहतं. ८ ते १० सेंटिमीटर जाड ग्लासवूल किंवा रॉकवूलची कापडात गुंडाळलेली पाटी, भिंतीपासून काही सेंटिमीटर पुढे लावलेली, काही शे हर्ट्झपर्यंत खाली काम करते. काचेसमोर जाड, भरपूर चुण्यांचा, अस्तराचा पडदा लावा. स्पीकर आणि तुमच्या मधल्या फरशीवर जाड गालिचा, खाली नमदा असेल तर उत्तम.

किती लागेल याचा अंदाज येण्यासाठी वॉलेस सॅबाइन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाचं सूत्र अजून कामाचं आहे. हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात बोललेलं कुणाला कळत नव्हतं, म्हणून १८९५ पासून गाद्या आत-बाहेर नेऊन त्याने ते शोधलं. आवाज विरण्याचा काळ म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण शोषण. ५ बाय ४ मीटरची, २.८ मीटर उंच खोली ५६ घनमीटरची. तिथे आवाज विरायला ०.८ सेकंद लागत असतील तर शोषण सुमारे ११ चौरस मीटर आहे. ०.४ सेकंदावर यायचं तर ते २२ हवं, म्हणजे आणखी ११ चौरस मीटर पूर्ण शोषक पृष्ठभाग. एका टेबलक्लॉथने हे होत नाही, हे आकड्यांत दिसतं. पण एवढं सगळं पाट्यांनीच करावं असंही नाही. भरीव सोफा, गालिचा आणि पडदा मिळून बरंच ओझं उचलतात. मधोमध उभं राहून टाळी वाजवा. मागोमाग तारेसारखा झणझणाट आला तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकत आहेत, आणि त्यातली एक मोडायलाच हवी.

माझ्या स्वतःच्या खोलीत मी एकदा ॲम्प बदलला, डीएसी बदलला, ट्वीटरचे भाग बदलले आणि तरी वरचा काठ टोचत राहिला. स्पीकर आणि खुर्चीच्या मधे काचेचं बुटकं टेबल होतं. एका संध्याकाळी त्यावर घडी घातलेली रजई पडली होती, आणि गाणं अचानक मऊ झालं. टेबल बाहेर गेलं आणि प्रश्न संपला. तुमच्याकडे असं काही चकचकीत मधे असेल तर आजच हलवा.

आता डीएसी आणि फाइली. नीट बनवलेल्या दोन डीएसींमध्ये ट्रेबलचा फरक कान दुखवण्याइतका क्वचितच असतो, पण पातळीचा असतो. एकाचं आउटपुट २ व्होल्ट आणि दुसऱ्याचं २.५ असेल तर दुसरा जवळपास २ डेसिबल मोठा वाजतो, आणि मोठा आवाज आधी ‘जास्त तपशील’ आणि मग ‘थकवा’ असा भासतो. तुलना करताना आवाज मोजून सारखा करा. फाइली वाजवणाऱ्या प्रोग्राममधला डिजिटल व्हॉल्यूम ३ डेसिबल खाली ठेवा. अगदी छतापर्यंत भरलेल्या गाण्यांत फाइलमध्ये नोंदलेल्या दोन नमुन्यांच्या (सॅम्पलच्या) मधली लहर कमाल पातळीच्या वर जाते, आणि काही डीएसी तिथे छाटतात.

सीडी उतरवल्याचं तुम्ही लिहिलंय, म्हणून एक गोष्ट मुद्दाम. सुरुवातीच्या काळातल्या काही सीडींवर प्री-एम्फसिस आहे. रेकॉर्डिंग करताना ट्रेबल वाढवून ठेवायचा आणि प्लेयरने खूण वाचून तो परत उतरवायचा, अशी ती पद्धत. ५ किलोहर्ट्झला साडेचार, १० ला साडेसात आणि २० ला साडेनऊ डेसिबल इतकी ती वाढ असते. तुमचा जुना प्लेयर ती गुपचूप उतरवत होता. फाइल करताना ती खूण हरवली तर वाढलेला ट्रेबल जसाच्या तसा ऐकू येतो. टोचणाऱ्या अल्बमांची यादी करा. त्यात १९८०च्या दशकातल्या डिस्क ठळक दिसल्या तर तीच सीडी जुन्या प्लेयरवर लावून बघा. फरक लगेच कळेल, आणि डी-एम्फसिस (ती वाढ उतरवणारी प्रक्रिया) लावून फाइल पुन्हा करता येते. फक्त १९९० नंतरचे, कमालीचे दाबून मोठे केलेले अल्बम टोचत असतील तर तो दोष मास्टरिंगचा (अल्बमच्या शेवटच्या ध्वनिजुळणीचा) आहे. जुन्या स्पीकरने तो झाकला होता इतकंच, आणि त्याच अल्बमची आधीची आवृत्ती मिळाली तर ती बरी वाजण्याची शक्यता मोठी आहे.

  

वायरींबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की पुरेशा जाड तांब्याच्या तारेला पर्याय शोधू नका. ट्यूब ॲम्पबद्दल मात्र सावध करतो. त्याचा आउटपुट रोध बहुधा १ ते ३ ओहम असतो, आणि तुमच्या स्पीकरचा रोध स्वरागणिक बदलतो. २ ओहमच्या ॲम्पवर जिथे स्पीकर ५ ओहम आहे आणि जिथे २० आहे त्या दोन जागांत २ डेसिबलचा फरक पडतो. टू-वे स्पीकरमध्ये रोधाचा एक डोंगर पुष्कळदा क्रॉसओव्हरजवळ, २ किलोहर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे ज्या पट्ट्याने तुम्हाला छळलंय तोच वर उचलला जाईल. ट्यूबचा आवाज मला प्रिय आहे, पण या दुखण्यावर तो उपाय नाही.

‘ब्रेक-इन होऊ द्या’, म्हणजे नवा स्पीकर काही दिवस वाजून मोकळा होऊ द्या, हा सल्ला तुम्हाला मिळाला असेल. वूफरची किनार पहिल्या काही तासांत थोडी सैल होते हे बरोबर, पण टोचणारा ट्रेबल महिन्याभराने मऊ वाटला तर त्यात तुमच्या कानांची सवय मोठी असते. परत करण्याची मुदत या वाट बघण्यात घालवू नका.

इतकं करून थोडी धार उरली तर ती इलेक्ट्रॉनिक पद्धतीने, टोन कंट्रोलने किंवा ईक्यूने (ठरावीक पट्ट्याचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सोयीने), काढायला संकोच करू नका. पीटर बॅक्संडालने १९५२ मध्ये टोन कंट्रोलचं जे सर्किट प्रसिद्ध केलं ते पुढे असंख्य ॲम्पमध्ये गेलं, आणि ते वापरणं हा कमीपणा नाही. रूम ईक्यू विझार्ड हा खोलीतला आवाज मोजणारा मोफत प्रोग्राम आणि कॅलिब्रेट केलेला यूएसबी मायक्रोफोन घ्या. डोक्याच्या आसपास सात-आठ जागी मोजून सरासरी काढा. खोलीत मोजलेली रेषा सपाट करायचा मोह इथे सगळ्यांना होतो, आणि तिथेच घात होतो. प्रतिध्वनी नसलेल्या मोजणी-कक्षात सपाट असलेला चांगला स्पीकर घरात बेसकडून ट्रेबलकडे हलकेच उतरत जातो, आणि फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांच्या ऐकण्याच्या चाचण्यांतही लोकांची पसंती अशाच उतरत्या रेषेला मिळाली. ती उतरण मोडून वरचा भाग उचलला की खोली टोचणारच. डीएसीसोबत आलेलं एखादं ‘ऑटो करेक्शन’ चालू असेल तर ते आधी बंद करून ऐका.

दुरुस्ती रुंद आणि लहान ठेवा. ३ किलोहर्ट्झवर दीड ते २ डेसिबलची, क्यू (पट्ट्याची रुंदी सांगणारा आकडा) १ च्या आसपास असलेली कपात करा. पुरली नाही तर ५ किलोहर्ट्झच्या वर १ डेसिबलचा शेल्फ उतार द्या, म्हणजे त्याच्या वरचं सगळंच तेवढं खाली येईल. रेषेवरचे बारीक दातेरे बुजवायला जाऊ नका, डोकं हलवलं की ते जागा बदलतात. ईक्यूची सोय नसेल आणि स्पीकरला बाय-वायरिंगचे (वूफर आणि ट्वीटरला वेगळ्या तारा लावण्याचे) चार टर्मिनल असतील, तर ॲम्प बंद करून दोन लाल टर्मिनलांना जोडणारी पट्टी काढा आणि तिच्या जागी १ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावा, काळी पट्टी तशीच राहू द्या. ट्वीटर साधारण १ डेसिबलने खाली येतो. जाळी लावूनही ऐका, काही स्पीकर जाळी धरूनच जुळवलेले असतात.

या सगळ्यासोबत कानांचंही बघा. भांडी आपटल्याचा, कागद चुरगळल्याचा आवाजही हल्ली टोचत असेल, कानात शिट्टी वाजत असेल, तर आधी कानाच्या डॉक्टरांकडे जा. आणि आवाजाची पातळी एकदा मोजा. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेची शिफारस ८५ डेसिबल-ए ला दिवसाला ८ तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. स्वच्छ स्पीकरवर विकृती ऐकू येत नाही, म्हणून नकळत आवाज चढत जातो.

क्रम असा ठेवा: तारांची दिशा, जवळून ऐकणं, मागची भिंत, कोन, मग आरसा आणि पाट्या, आणि सगळ्यात शेवटी ईक्यू. एका वेळी एकच बदल करा आणि किमान दोन दिवस त्यासोबत राहा. ईक्यू लावलंच तर दोन आठवड्यांनी ते एका गाण्यापुरतं बंद करा. बंद केल्यावर टोचलं तर ठेवा. बंद केल्यावर व्हायोलिनचा गज आणि तानपुऱ्याची जवारी पुन्हा जिवंत झाल्यासारखी वाटली तर कपात जास्त झाली आहे, ती निम्मी करा.